मागच्या भिंतीतले दोन झरोके

२ नोव्हेंबर, सोमवार

ही वही माझी नव्हे, ड्रायरची आहे. फिटरने आज मशीन उतरवलं आणि पाठोपाठ ही माझ्या हातात ठेवली. रोज लिहायचं म्हणे: किती फेऱ्या झाल्या, एका फेरीला किती मिनिटं लागली, जाळी साफ केली का, काही वेगळं आढळलं का. मशीनला शिंक आली तर तेही लिहू का, असं मी विचारलं. तो हसला नाही. "लिहा," म्हणाला.

एकवीस वर्षं मी लॉन्ड्री चालवते आहे. चादरीवरचा डाग बघून रुग्ण काय जेवला ते सांगू शकते. आणि हा माणूस मला शाळेतल्या पोरीसारखी वही भरायला सांगतो. ठीक आहे, लिहीन. पण मला जे आढळेल ते लिहीन, आणि आज मला हाच आढळला.

मशीन कुठे ठेवायचं हे मी महिन्यापूर्वीच ठरवलं होतं. इस्त्रीच्या टेबलाशेजारी, म्हणजे कपडे काढले की लगेच घडीला. हा पट्टी घेऊन दोन तास भिंती मोजत बसला आणि म्हणाला, नाही, मागच्या खोलीत, मागच्या भिंतीला. पुढून पाइप बाहेर न्यायचा तर चार वळणं पडतील, प्रत्येक वळणावर कपड्यांची लव साचेल आणि साचलेली लव तापली की पेटते. माझी तीन कपाटं हलवावी लागली. उठताबसता 'मॅडम' म्हणतो, पण ऐकत काडीचं नाही. मी त्याचं नाव मोजपट्टी ठेवलं आहे. हळू बोल, त्याला ऐकू जाईल, असं धाकटी म्हणाली. जाऊ दे.

३ नोव्हेंबर

आज पाइप बसला. मी स्वतः दुकानातून चकचकीत, घड्यांचा, हवा तसा वाकणारा पाइप आणून ठेवला होता. मोजपट्टीने तो दोन बोटांत धरून बाजूला ठेवला, मेलेला उंदीर उचलावा तसा. घड्यांत लव अडकते म्हणे. त्याचा पाइप जाड पत्र्याचा, सरळ, एकच वळण. सांध्यांना स्क्रू मारू दिले नाहीत, कारण स्क्रूची टोकं आत येतात आणि त्यांच्यावर लव गोळा होते. सांधे उष्णता सोसणाऱ्या पट्टीने बंद केले. बाहेरच्या तोंडाला जाळी लाव म्हटलं, पाखरं शिरतील, तर तेही नाही. जाळी आठवड्यात तुंबते. तिथे फक्त उघडझाप करणारी झडप.

आणि मग या माणसाने माझ्या मागच्या भिंतीला, गुडघ्याच्या उंचीवर, दोन चौकोनी भोकं पाडली. मला न विचारता. कागदावर होती म्हणे, मी सही केलेल्या. त्या भोकांना पट्ट्यांचे झरोके बसवले आणि हवेवर प्रवचन सुरू केलं. मशीन जेवढी हवा बाहेर फेकतं तेवढी आत आली पाहिजे, नाहीतर ते कुठूनही ओढतं, या खोलीतल्या तुमच्या गॅसच्या गिझरच्या धुराड्यातूनसुद्धा, आणि मग. मगच्या पुढचं मी ऐकलं नाही, कारण त्याच वेळी भिंतीचा गिलावा माझ्या धुतलेल्या टॉवेलांवर पडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं बोलून होईपर्यंत तो थांबला, मग झरोके कधी झाकू नका, एवढं परत म्हणाला. मी बहिरी नाही, असं त्याला सांगितलं.

५ नोव्हेंबर

फेऱ्या पाच. मिनिटं पस्तीस. जाळी प्रत्येक फेरीला साफ केली.

खोटं कशाला बोलू, मशीन चांगलं आहे. पहिली फेरी निघाली तेव्हा धाकटीने गरम चादरीत तोंड खुपसलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. दोन महिने ती ओल्या चादरी पिळून, बादल्या उचलून गच्चीवर चढते आहे. तिच्या कमरेची वाट लागली होती.

धाकटी म्हणजे माझी बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती, तेव्हापासून तिला मीच सांभाळलं. शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. वर्षअखेरपर्यंत रजा काढून माझ्याकडे आली आहे, जमतंय का बघायला. जमलं तर राजीनामा देणार, नाही जमलं तर जानेवारीत परत खुर्चीत. मला ती इथे हवी आहे. दुसऱ्या कुणाबरोबर माझं चार दिवस पटत नाही, हे मला माहीत आहे. तिनं राहावं म्हणून तर हे धूड घेतलं. तिला हे बोलून दाखवलेलं नाही, आणि दाखवणारही नाही.

११ नोव्हेंबर

फेऱ्या सात. मिनिटं छत्तीस.

प्रसूतिगृहाच्या मेट्रनने आज सहा चादरी परत पाठवल्या. प्रत्येकीवर करडा पट्टा. बाळांच्या चादरी आहेत, अंगण पुसायची फडकी नाहीत, असा निरोप. एकवीस वर्षांत माझं पांढरं कापड कधी परत आलं नव्हतं.

धूळ त्या झरोक्यांतून येते. मागच्या गल्लीत फरशा कापायचं काम चालू आहे, सगळा भुकटा सरळ माझ्या खोलीत. मी रांगत जाऊन बोट फिरवलं, बोट पिठात बुडवल्यासारखं निघालं. वर तिथून थंड वारा येतो तो वेगळाच. हा मोजपट्टीचा शहाणपणा. पाइप मोजला, भिंत मोजली, पण इथे पांढरे कपडे असतात हे त्याच्या पट्टीवर दिसलं नाही.

१२ नोव्हेंबर

फेऱ्या सहा. झरोके बंद केले. इस्त्रीच्या टेबलावरची जुनी घोंगडी कापून दुहेरी लावली, चारी बाजूंनी पट्टी मारली. धाकटीने विचारलं, त्या फिटरला एकदा फोन करायचा का. मी म्हटलं, चादरी कुणाच्या परत आल्या, त्याच्या की माझ्या? ती परत घड्या घालायला वळली. कापडावर धूळ येत असेल तर भोक बुजवायचं, हे मला कुठल्या फिटरने शिकवायला नको. खोली कशी उबदार झाली आहे.

१४ नोव्हेंबर

फेऱ्या सहा. मिनिटं बेचाळीस. चादरी पांढऱ्याशुभ्र, मेट्रनकडून चकार शब्द नाही.

मागच्या खोलीचं दार मात्र बिघडलं. मशीन चालू असलं की उघडताना ओढून ओढून खांदा निखळतो, आणि सोडलं की धाडकन आपटतं. दाराखालून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. सुताराला बोलावलं. त्याने दहा वेळा उघडझाप केली, तेव्हा मशीन बंद होतं, आणि दारात काही दोष नाही म्हणाला. दोष नाही म्हणे. रंधा हातात धरायची अक्कल नाही आणि मला शिकवतो. त्याच्या तोंडावर तसं म्हटलं, तो अवजारं घेऊन निघून गेला.

१८ नोव्हेंबर

फेऱ्या पाच. मिनिटं शेहेचाळीस.

धाकटीचं डोकं दुखतं आहे. काल दुखत होतं, परवाही दुखत होतं. सकाळी येते तेव्हा ठणठणीत असते, अकराच्या सुमाराला कपाळ धरते. दुपारी मागे गेले तर बाई चादरींच्या ढिगाला टेकून डोळे मिटून बसलेल्या. डोकं माझंही दुखतं, पण मी पुढे काउंटरवर येऊन गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलते, बरं वाटतं. काम केलं की डोकेदुखी पळते. तिला तसं सांगितलं. ती हं म्हणाली. तिचं ते 'हं' मला तीस वर्षं झोंबतं आहे.

२२ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी, फेऱ्या नाहीत. पण मला जे आढळलं ते लिहिते.

आज सकाळी धाकटीच्या घरी गेले. बाईसाहेब बाल्कनीत नवऱ्याशी खिदळत रोपांना पाणी घालत होत्या. डोकं कसं आहे विचारलं, तर एकदम छान म्हणे. म्हणजे घरी दुखत नाही. शाळेत तर कधीच दुखलं नाही. दुखतं ते फक्त माझ्या दुकानात, मागच्या खोलीत, कामाच्या वेळेला. मी काय दुधखुळी आहे? जानेवारीत खुर्चीत परत जायचं आहे, तर सरळ सांगावं ना. आजारपणाची पायवाट कशाला पाडते आहे? मी चहा अर्धा टाकून निघाले. माझं स्वतःचं डोकं आज शांत आहे, तेवढं एक बरं.

२४ नोव्हेंबर

फेऱ्या चार. मिनिटं चौपन्न, तरी शिवणी दमट.

आजचा दिवसच वाईट. गिझरची ज्योत निळी असायची ती पिवळी झाली आहे आणि वरच्या भिंतीवर काजळी धरली आहे. गॅस भेसळीचा आला आहे. गॅसवाल्याला फोन करून सोलून काढला. खिडकीच्या काचांना घाम सुटतो, भिंती ओलसर लागतात.

मग मोजपट्टीला फोन केला की तुझं मशीन भिकार आहे, पंधरा दिवसांत दमलं. त्याने विचारलं, जाळी साफ आहे? हो. बाहेरची झडप उघडते? हो. झरोके मोकळे आहेत? हो, हो, सगळं मोकळं आहे, असं म्हणून मी विषय संपवला. मी बाळांच्या चादरींवर धूळ येऊ देणार नाही, आणि तेवढ्यासाठी त्याचं हवेचं प्रवचन परत ऐकून घेणार नाही. शुक्रवारपर्यंत येऊन बघतो म्हणाला. येईल तेव्हा खरा.

२६ नोव्हेंबर

फेऱ्या चार. मिनिटं एकोणसाठ.

धाकटीने मोठ्या चादरी लहान चादरींच्या गठ्ठ्यात बांधल्या. मग त्या सोडून परत बांधताना पुन्हा तेच केलं. मग बेसिनवर जाऊन उलटी करून आली. मला वाटलं तिला दिवस गेले, विचारलं, तर नाही म्हणाली. मग माझा संयम संपला. मी म्हटलं, "तुला राहायचं नसेल तर तोंडाने सांग. ही नाटकं कर शाळेत जाऊन. मी तुला वाढवली ती असं बसून राहायला नाही."

तिचा चेहरा लाल झाला होता, मला वाटलं आता तरी भांडेल. पण तिने गठ्ठा तिसऱ्यांदा सोडला आणि बांधायला लागली. तिचं हे सहन करणंच मला सहन होत नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. पिशवीत दुसरा कागद नाही.

बाराच्या सुमाराला मागे हाक मारली, ओ नाही. दार ओढलं, उघडेना. पाय चौकटीला लावून दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा उघडलं आणि माझ्या पाठीमागून वारा आत घुसला. धाकटी मशीनच्या पुढ्यात चादरींवर पडली होती. झोपली आहे असं मला वाटलं. मी आधी ओरडले. ऊठ म्हणून, लाज वाटत नाही का म्हणून. तिच्या हाताला धक्का दिला तेव्हा हात परत जागेवर आला नाही, तसाच पडून राहिला.

तिला काखेत धरून पुढच्या खोलीतून रस्त्यावर ओढत आणली. शेजारच्या चांभाराने गाडी बोलावली. आता ती आत आहे, तोंडावर ऑक्सिजन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बंद खोलीत गॅसवर चालणारं काही आहे का. डोकं दुखायचं का. मळमळायचं का. घरी गेल्यावर बरं वाटायचं का. मी चारही प्रश्नांना हो म्हटलं. मग त्यांनी माझंही रक्त घेतलं आणि म्हणाल्या, तुमच्यातही आहे, थोडं कमी. गॅस अर्धवट जळला की एक वायू होतो, त्याला वास नाही, रंग नाही. अजून अर्धा तास गेला असता तर, असं म्हणून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

२८ नोव्हेंबर

धाकटी शुद्धीवर आहे. बोलू देत नाहीत. तिचा नवरा माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, मीही त्याच्याशी बोलले नाही.

मशीन विकणाऱ्या कंपनीला सकाळीच पत्र लिहून हातोहात पाठवलं. तुमच्या फिटरने चुकीचं मशीन बसवून माझ्या बहिणीचा जीव घ्यायची तयारी केली होती. त्याला कामावरून काढा, नाहीतर मी त्याला तुरुंगात पाठवते. अक्षर चांगलं आलं. त्यांचा निरोप आला की सोमवारी तोच माणूस आणि त्यांचा साहेब तपासणीला येतील, नोंदवही तयार ठेवा. ठेवते ना. त्याचीच वही त्याच्या तोंडावर मारते.

३० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी लवकर बसून मी वहीतून पुरावे काढत होते. एका कागदावर तारखा आणि मिनिटं उतरवली. पस्तीस, छत्तीस, बेचाळीस, शेहेचाळीस, चौपन्न, एकोणसाठ. दार बिघडलं ती तारीख. डोकं दुखायला लागलं ती तारीख. ज्योत पिवळी झाली ती. बिघाड सगळा बारा तारखेच्या पुढे. अकरा तारखेपर्यंत काही नाही. मग बारा तारखेला या माणसाने काय केलं ते बघावं म्हणून मी ते पान उघडलं. बारा तारखेला तो आलाच नव्हता. त्या पानावर माझं अक्षर होतं.

मग उठले, सुरी घेतली आणि घोंगडी काढायला गेले. हेही लिहिते. तपासायला माणसं यायच्या आत काढून टाकायची होती. एक झरोका मोकळा झाला होता आणि दुसऱ्याची पट्टी खरवडत मी गुडघ्यांवर बसले होते, तेवढ्यात मोजपट्टी दारात. साहेब मागून येत होता, तो एकटाच पुढे आला होता.

त्याने माझ्याकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं. मग शेजारी बसून उरलेली घोंगडी स्वतः ओढून काढली. हवा आत आली, अगदी अंगाला लागेल अशी. त्याने विचारलं, "बहीण कशी आहे?"

त्याने मला शिवी दिली असती तर मी काहीतरी करू शकले असते. मी सांगितलं, बरी आहे. वही मागितली, दिली. त्याने उभ्या उभ्या पहिल्या पानापासून वाचली. मेलेला उंदीर, मोजपट्टी, भिकार मशीन, झरोके मोकळे आहेत असं खोटं सांगितलं ते. काहीही न वगळता. मग मिटून माझ्या हातात दिली. "नोंदी बरोबर आहेत," म्हणाला.

साहेब आल्यावर मी त्याला सांगितलं, झरोके मी बुजवले, या माणसाने नको म्हणून दोनदा बजावलं होतं. तक्रार परत घेतल्याचं तिथेच लिहून दिलं. मोजपट्टीने गिझरसाठी वेगळी खोली करायला सांगितली, तोवर बंद ठेवायचा. धुळीसाठी झरोक्यांना बाहेरून खोका करून देतो म्हणाला, त्यात गाळणी असते, दर आठवड्याला धुवायची. असं करता येतं हे तेव्हाच का सांगितलं नाही, असं तोंडावर आलं होतं. तेव्हा मी विचारलंच नव्हतं.

राग अजून आहे. सगळं अंग रागाने भरलं आहे आणि तो ठेवायला जागा नाही.

१ डिसेंबर

आज धाकटीशी बोलू दिलं. नवरा चहाला गेला होता. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. घोंगडी, फोनवरचं खोटं, सुरी घेऊन बसले होते तेसुद्धा. तिने भांडावं, मला हवं ते बोलावं, म्हणून मी थांबले. तिने पाणी मागितलं. मी दिलं.

मग ती म्हणाली, "ताई, मी जानेवारीत शाळेत परत जाणार आहे. हे मी पडायच्या आधीच ठरवलं होतं. मशीनमुळे नाही गं."

मी विचारलं, एवढं डोकं दुखत होतं तर डॉक्टरकडे का गेली नाहीस. नवऱ्याला तरी सांगायचं.

"मला वाटायचं, तुझ्या बोलण्यानं दुखतंय. घरी गेलं की थांबायचं ना. लहानपणी तू ओरडायला लागलीस की असंच दुखायचं, अगदी असंच, कपाळाच्या मधोमध. त्याला काय डॉक्टर करणार?"

तिच्या आवाजात राग नव्हता. पावसात छत्री न्यावी लागते असं सांगावं, तशी सांगत होती. मी विचारलं, खरंच दुखायचं? सहा वर्षांची असताना? ती हो म्हणाली आणि दमून डोळे मिटले.

लहानपणच्या त्या घरात ड्रायर नव्हता, गिझर नव्हता. मी होते.